चहानंतरची खोली

फोटो वरून खाली उतरत होता. स्कॅनर जुना, त्याला घाई म्हणून नव्हती, एकेक पट्टी करत पडद्यावर सोडायचा. आधी स्टुडिओचा रंगवलेला पडदा आला, त्यावरची बाग, कारंजं. मग दोन डोकी, एक तरुणाचं, एक नवरीचं. मग खांदे. सियामकनं साखरेचा खडा चहात बुडवला आणि दातांत धरायला उचलला, तेवढ्यात नवरीचा डावा हात आला. मांडीवर ठेवलेला. अंगठा चार बोटांच्या आत मुडपून घेतलेला. खडा कपात पडला. पहिला विचार आला तो हा की, बाबांनी सकाळची गोळी घेतली का? का आला कोण जाणे. हाच हात त्यानं सकाळी घरी पाहिला होता, पांघरुणावर, असाच अंगठा गिळून बसलेला, फक्त कातडी सैल झालेली. पट्ट्या उतरतच राहिल्या. नवरीचा झगा, पांढरे बूट, गालिचा. मग स्कॅनर दमल्यासारखा थांबला. फोटोसंग्रहाच्या त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. खिडकीबाहेर तेहरानची रोजची दुपार, मोटारसायकली, कुणीतरी कुणालातरी गाढव म्हणत होतं आणि दुसरा ते कबूल करत नव्हता.

"हात घात करतात," बाबा म्हणायचे. "तोंड रंगवता येतं, कंबर आवळता येते, आवाज नाकात नेला की झालं. पण हात बाप्याचेच राहतात. अंगठा आत घे, निम्मा पुरुष गेला." यदोल्ला बाबा तेव्हा नुसता यदी होता आणि मिशी फुटायच्या आधीपासून लोकांच्या लग्नांत नवरी व्हायचा. खरी नवरी आत बायकांत बसलेली असायची, ही नाटकातली. अंगणातल्या हौदावर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर गालिचा, गालिच्यावर नाटक. चार बाप्यांसमोर बाई कशी नाचणार, म्हणून बाईचं काम बाप्यानं करायचं. सीरूस रस्त्यावर ही मंडळी भाड्यानं देणारी दुकानं होती, शादमानीची, म्हणजे आनंदाची, दुकानं म्हणायचे. घरात लग्न निघालं की तिथं जाऊन वाजंत्री ठरवायची, विदूषक ठरवायचा, आणि यदी मोकळा असला तर गुलांदाम ठरवायची. गुलांदाम हे त्याच्या नवरीचं नाव. पुढे खऱ्या बायका रंगमंचावर आल्या, त्याही पुढे ती दुकानंच राहिली नाहीत, आणि बाबा बसवर तिकिटं फाडायला लागले. अंगठा मात्र आतच राहिला. तिकीट फाडताना, नानच्या रांगेत, आईच्या मयतीत. आई चिडायची. "अहो, पाहुण्यांसमोर तरी बाहेर काढा त्याला." बाबा काढायचे, दोन मिनिटं ठेवायचे, आणि तो आपसूक आत जायचा. गोगलगाय जाते तसा.

जोडलेला फोटो असेल, सियामकनं स्वतःला सांगितलं. असे जोड ओळखणं हे त्याचं रोजचं काम. त्या काळी डार्करूममध्ये दोन काचा एकावर एक ठेवून लोक कुणालाही कुणाशेजारी बसवायचे. मेलेल्या बापाशेजारी मुलगा, परदेशी गेलेल्या नवऱ्याशेजारी बायको, न्हाव्याशेजारी नटी. जोड कुठे शोधायची ते त्याला माहीत होतं, केसांच्या कडेला, खुर्चीच्या पायापाशी, आणि सगळ्यात आधी उजेडात. दोन वेगळ्या दिवसांचे उजेड कधी एकमेकांशी बोलत नाहीत. त्यानं फोटो मोठा केला. उजेड नवरीच्या बाजूनं येत होता आणि तिच्या ओढणीच्या कडेची सावली, जाळीच्या भोकांसकट, त्या तरुणाच्या कोटावर पडली होती. बाही ते खांदा. त्यानं अजून मोठा केला, मग फोटोत फोटो राहिलाच नाही, नुसते दाणे. पण सावली तिथंच. दोघं बसले होते. एका दुपारी, एका दिव्यापुढं, दोन खुर्च्यांवर, मधे वीतभर जागा. नवरी कॅमेऱ्याकडे बघत होती. तो तरुण बघत होता तिच्या हाताकडे.

या खोलीत भिंतीला पोलादी कप्पे होते. विवाह, शाळा, पहिलवान, मयत, गल्ल्या. आणि खाली कोपऱ्यात एक कप्पा, स्त्रीवेशातले पुरुष. भेट द्यायला येणारे आधी तोच मागायचे. विद्यापीठाची पोरं, परदेशी बायका, एकदा मंत्रालयातला कुणीतरी. कप्पा उघडला की आधी गप्प व्हायचे, मग एकमेकांच्या दंडाला धरून हसायचे. वाईट नव्हते ते. हसू येतंच. राजवाड्यातल्या दाढीवाल्या नाचऱ्या, हौदावरच्या नवऱ्या, सैन्याच्या छावणीतली गंमत. त्यात बाबांचेही दोन फोटो होते, कुठल्यातरी लग्नघराच्या अल्बमातून आलेले. एकात गुलांदाम विदूषकाच्या मानगुटीवर बसलीय, दुसऱ्यात रुसलीय. चिठ्ठीवर सियामकनंच टाइप केलं होतं, अनाम कलाकार. बाबांना त्यानं सांगितलंही होतं. "बाबा, तुम्ही संग्रहात आहात." बाबा म्हणाले होते, "हसतात का?" तो हो म्हणाला. "मग राहू दे." हा तिसरा फोटो मात्र त्या कप्प्यासाठी आला नव्हता. हा विवाहमध्ये घालायला आला होता. मलीहे खानम नावाच्या बाईनं आठवड्यापूर्वी तिच्या मेलेल्या मामाचा अल्बम आणून दिला होता, कापडात बांधून, ठेवणीतला दागिना द्यावा तसा.

"मामा घड्याळं दुरुस्त करायचा, बाजारात," ती म्हणाली होती. चाळिशीची बाई, शिक्षिका, बोलता बोलता समोरच्याच्या टेबलावरचे कागद सरळ करायची सवय. "नेमत घड्याळजी. लग्न एकदाच झालं, मामी लगेच गेली, पुन्हा केलं नाही. माझी आई तेव्हा दूर नतंझला सासरी, तिला नुसता फोटो आला आणि मग तार. आम्ही सगळ्या पोरी तो फोटो बघत मोठ्या झालो. माझ्या लग्नात झगा असाच शिवला, खरं सांगते. पण आगा, नाव कुणालाच माहीत नाही. मामाला विचारलं की तो भिंग डोळ्याला लावायचा. आता चाळिसावा दिवस आला. मशिदीत दोघांची फातिहा म्हणायची तर नुसतं 'मामी' कसं म्हणणार? अल्ला विचारील, कोण मामी?" मग ती हसली आणि डोळे पुसले. "तुमच्याकडे हजारो फोटो आहेत. कुठेतरी ती दुसऱ्या फोटोत असेल. बघा ना." बघतो, तो म्हणाला होता. सगळ्यांनाच म्हणतो.

घड्याळवाला. बाबांच्या मागणीच्या गोष्टीतल्या घड्याळवाल्याला नाव कधी नव्हतंच. ती गोष्ट घरात नवरोजच्या जेवणासारखी ठरलेली होती. पाहुणे जमले, पोटं भरली, कुणीतरी म्हणायचंच, "यदीखान, ते मागणीचं सांगा." आणि बाबा उठून उभे राहायचे. शादमानीच्या दुकानाच्या काचेत गुलांदामचा फोटो लावलेला, खाली डोळे, अशी की मशिदीतली मेणबत्ती. समोरून एक म्हातारी जाते, गावाकडची, पाटी वाचता येत नाही, तिला वाटतं हा फोटोवाला. आत येते आणि विचारते, ही पोर कुणाची? मालक, म्हणजे उस्ताद, त्याच्या अंगात शंभर सैतान, तो म्हणतो, माझ्या बहिणीची, बाई, पण फार लाजाळू. गुरुवारी या. गुरुवारी म्हातारी येते, घड्याळवाला मुलगा घेऊन, फुलं घेऊन, मिठाई घेऊन. इथे बाबा खुर्चीवरचं कापड डोक्यावरून ओढून चादोर करायचे, हातात खोटं ताट, आणि चहा घेऊन यायचे. त्या वयातही. टक्कल, पांढरी खुरटी दाढी, आणि तरी ताटावरचे पेले थरथरताना ऐकू यायचे. म्हातारी गालाचा चिमटा घेते. म्हातारी दात बघते. म्हातारी साखरेचा खडा मुद्दाम खाली टाकते, पोर वाकते कशी ते बघायला. लोक पोट धरून हसायचे. "मग रीतीप्रमाणे आम्हा दोघांना दुसऱ्या खोलीत पाठवलं, बोलून घ्या म्हणून," बाबा म्हणायचे, आणि लगेच, "बाहेर आलो आणि मला आली शिंक!" शिंक यदीच्या खऱ्या आवाजात, रेड्यासारखी. म्हातारीनं पायातली चप्पल काढली आणि उस्तादाला दुकानापासून चौकापर्यंत हाणलं. संपली गोष्ट. चप्पल नेहमी शेवटी.

सियामक नऊ-दहा वर्षांचा असेल, त्यानं एकदा विचारलं होतं, बाबा, पण त्या खोलीत काय बोललात? पाहुणे थांबले, कुणीतरी म्हणालं, पोरगं खरं विचारतंय, यदीखान. बाबांच्या हातात अजून ते नसलेलं ताट होतं. आई उठली. "चहा आणते," ती म्हणाली. चहा समोरच होता, वाफाळता. आता इतक्या वर्षांनी, कपातल्या विरघळलेल्या साखरेकडे बघताना, सियामकला आठवलं की आई दर वेळी तिथंच उठायची. चप्पल तिनं कधी ऐकलीच नसेल. आणि आठवलं बाजारातल्या त्या घड्याळजीचं दुकान. बोळाएवढं, शंभर घड्याळं, शंभर वेगळ्या वेळा. नवरोजच्या आधी बाबा त्याला बोटाला धरून न्यायचे, मनगटावरचं घड्याळ काढून काचेवर ठेवायचे. म्हणायचे, "मागं पडतंय." आणि भिंगाआडचा तो बारीक माणूस घड्याळ कानाला लावायचा आणि म्हणायचा, "नाही पडत." "बघा तरी." "बघतो." मग तो ते उघडायचा आणि बाबा स्टुलावर बसून राहायचे. कुणी काही बोलायचं नाही. सियामकला कंटाळा यायचा. एकदा त्या माणसानं त्याला एक मोडकं चाक दिलं होतं, पितळी, नखाएवढं. ते कुठं गेलं? दोन वर्षांपूर्वी बाबांचा खुबा मोडला, तेव्हापासून त्यांचं सुरू होतं, मला बाजारात ने, घड्याळ मागं पडतंय. आणि सियामक म्हणायचा, मोबाइलवर वेळ दिसते, बाबा.

घरी गेला तेव्हा बाबा खिडकीशी उशांना टेकून बसले होते. समोर कलिंगडाच्या बिया, एकेक सोलून खाणं चाललेलं. शेजारीण दार उघडून देऊन गेली. "आज डाळिंबं स्वस्त आहेत म्हणे," बाबा म्हणाले. सियामकनं बूट काढले, हात धुतले, पुन्हा धुतले. बसला.

"बाबा, घड्याळजी गेले."

"कुठले?"

"तुमचे."

बाबांनी हातातली बी सोलून संपवली. साल वाटीत टाकली, बी पण वाटीत टाकली. "दुकान कोण बघतंय मग?"

"कोणी नाही. बंद आहे."

"कुलूप नीट लावलंय ना? समोरचा अत्तरवाला चोर आहे."

"अत्तरवाला मरून वीस वर्षं झाली, बाबा."

"चोरच होता," बाबा म्हणाले. मग बराच वेळ खिडकीतून खाली बघत राहिले. खाली काही नव्हतं, पार्क केलेल्या गाड्या. "कधी?"

"महिना झाला."

"महिना," ते म्हणाले, जणू दुसऱ्या कुणाला सांगत होते. महिनाभर ते रोज विचारत होते, नेतोस का, नेतोस का. ते त्या दोघांनाही एकदमच आठवलं असावं, कारण दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. सियामकनं मोबाइलवरचा फोटो पुढे धरला. बाबांनी चष्मा लावला, काढला, पुसला, लावला. त्यांचा चेहरा हलला नाही. डावा हात मात्र पांघरुणाखाली गेला.

"ओढणी भाड्याची होती," ते म्हणाले. "झगा उस्तादाचा. बूट लागत होते."

"बाबा, त्या खोलीत काय बोललात?"

आता चहा आणायला आई नव्हती. ते दोघांनाही कळलं. बाबा हसले, तोंडाच्या एका कोपऱ्यानं, गुलांदाम रुसायची तसे. "मी आत गेलो, दार लोटलं. मला वाटलं आता हा हात धरील, मग गंमत करू. तो भिंतीला टेकून उभा. म्हणाला, यदी, मला माहीत आहे तू कोण. किती लग्नांत गच्चीवर बसून बघितलंय तुला. मी म्हटलं, मग मेल्या, आईला घेऊन कशाला आलास? तो म्हणाला, आईनं तुला पसंत केलीय. आजारी आहे ती, उन्हाळा काढील असं वाटत नाही. मी तिला कसं नाही म्हणू? मी म्हटलं, आमचं ठरलंय, मी बाहेर जाऊन मोठ्यानं शिंकायचं आणि सगळ्यांनी हसायचं. तर तो म्हणाला, आज शिंकू नकोस."

"मग?"

"मग नाही शिंकलो."

खाली कुणाच्यातरी गाडीचा भोंगा अडकला, वाजतच राहिला, कुणीतरी येऊन बंद केला.

"आणि चप्पल?"

"चप्पल मी घातली गोष्टीत. चप्पल नसती तर लोक हसले कशाला असते?" बाबांनी मोबाइल त्याच्या हातात परत दिला, पालथा. "म्हातारीला फोटो हवा होता, उशाशी ठेवायला. बसलो. उस्तादाला वाटलं गंमत. फोटोवाल्याला वाटलं गंमत. फोटोवाला म्हणाला, जवळ सरका, तर नेमत म्हणाला, नको, असंच बरं आहे. म्हातारी गेली उशाशी ठेवून. मग तो सगळ्यांना म्हणाला नवरी तापानं गेली, आणि मी म्हटलं बरोबर आहे, असंच करायला पाहिजे. दुसरं काय करणार? मग तुझी आई आली. तू आलास."

"आईला..."

"ती चहा आणायची ना," बाबा म्हणाले, आणि तो विषय तिथं मिटला.

सियामकला विचारायचं होतं, तुम्हाला कसं वाटायचं, स्टुलावर बसून? पण असले प्रश्न त्या घरात कुणी कुणाला विचारले नव्हते, त्यामुळे शब्दच तयार नव्हते. त्यानं मलीहे खानमचं सांगितलं. तिला नाव हवंय. शुक्रवारी मशिदीत दोघांची फातिहा आहे. खरं सांगितलं तर मेलेल्या माणसाची अब्रू, जिवंत माणसाची अब्रू, आणि त्या बाईनं तसाच शिवलेला झगा. खोटं सांगितलं तर बाबा मेले, कागदोपत्री, त्याच्या स्वतःच्या हातानं. बाबा ऐकत होते, पुन्हा बिया सोलायला लागले होते.

"खरं सांगितलंस तर तू हा फोटो त्या हसायच्या कप्प्यात घालणार," ते म्हणाले.

"तिथंच घालावा लागेल."

"तिथं मी आहे आधीच. नेमतला कशाला नेतोस तिथं. तो नाही कुणाला हसवायचा." एक बी दातांखाली कडकन फुटली. "गुलांदाम सांग. कधी गेली विचारलं तर फार वर्षं झाली म्हण. खोटं आहे का? आणि मला न्यायचं शुक्रवारी."

"काय म्हणून?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. "गिऱ्हाईक म्हणून," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोन केला. नाव सांगितलं. पलीकडे कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज. "गुलांदाम," मलीहे खानम म्हणाली. "गुलांदाममामी. काय गोड आहे. कशी होती हो ती? कुणी पाहिली होती का?" खूप लोकांनी पाहिली होती, तो म्हणाला. तिला ते आवडलं. फोन ठेवून त्यानं चिठ्ठी टाइप केली, विवाह, नेमत घड्याळजी आणि गुलांदाम, आणि फोटो वरच्या कप्प्यात सरकवला. मग खालचा कप्पा उघडून ते दोन फोटो काढले. मानगुटीवर बसलेली, रुसलेली. इथंही नाव लिहावं, निदान एवढं तरी, असं वाटलं. पण इथं लिहिलं असतं तर उद्या कुणीतरी दोन्ही कप्पे शेजारी शेजारी ठेवले असते आणि दंडाला धरून हसले असते. अनाम कलाकार. त्यानं तसेच आत ठेवले. खाली चेहरा राहिला, नाव नाही. वर नाव राहिलं, माणूस नाही. कप्पा बंद करताना तो नेहमीसारखा अडकला, गुडघ्यानं ढकलावा लागला.

मशिदीत मधे हिरवा पडदा होता, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. बाबांना खुर्ची दिली. त्यांनी इस्त्रीचा कोट घातला होता आणि मनगटावर ते घड्याळ, बंद. बाजारातले म्हातारे येऊन बसत होते, खजूर घेत होते. एकानं विचारलं, आपण? बाबा म्हणाले, "घड्याळ त्यांच्याकडे असायचं." म्हाताऱ्यानं मान हलवली, आमचंही. हलव्याची ताटली फिरली. मग कुराणपाठ करणाऱ्यानं माइक हातात घेतला. तरुण होता, गळा चांगला, आणि लोकांना रडवायचं असतं हे त्याला माहीत होतं. नेमतच्या सचोटीचं बोलला, नेमतच्या वक्तशीरपणाचं बोलला, पुरुषांनी खाली माना घातल्या. मग म्हणाला, आणि त्या बिचारीला विसरू नका, जिच्या हातावरची मेंदी उतरायच्या आत माती आली. जिच्या वाटेकडे हा माणूस आयुष्यभर बघत बसला. आज ती त्याला भेटली असेल. मर्हूम नेमत आणि मर्हूमा गुलांदाम, दोघांसाठी, फातिहा.

सगळी मशीद एकदम पुटपुटायला लागली. सियामकनं शेजारी बघितलं. बाबांचे ओठ हलत होते. सगळ्यांबरोबर, नीट, एकही शब्द न गाळता. फातिहा संपली आणि पडद्यापलीकडून रडणं आलं. आधी एकीचं, ती मलीहे असावी, मग दोघी-तिघींचं, मग पसरत गेलं. बायकांच्या बाजूला पसरतं तसं. बाबांनी मान वळवली. पडद्याकडे कान करून बसले, रंगमंचावर जाण्याआधी नट विंगेत उभा राहून प्रेक्षागृह किती भरलंय ते ऐकतो तसे.

"बायका रडतायत?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो, बाबा."

"गुलांदामसाठी?"

"हो."

बाबांचा डावा हात मांडीवर होता. सियामकला वाटलं आता अंगठा बाहेर येईल. आला नाही. उलट बोटं त्याच्यावर आणखी घट्ट झाली, नखं पांढरी पडेपर्यंत.

"रडल्या नव्हत्या कधी," बाबा म्हणाले. "नुसत्या हसायच्या."